वाकारीमाश्ता आणि बावीस निळ्या ताडपत्र्या

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की हा माणूस आयुष्यात एकच क्रियापद शिकला, तेही जपानी, आणि तेही अर्धंच. बत्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर म्हणून काढलेल्या नवऱ्याबद्दल हे काही बरं बोलणं नव्हे. पण ते खोटं आहे असंही मला ठामपणे सांगता येत नाही.

आधी ग्रेडर म्हणजे काय ते सांगतो, कारण आता आमच्या वणीतसुद्धा हे नव्यानं सांगावं लागतं. कास्तकार कापूस आणतो, त्यात सरकी असते. जिनिंगमध्ये सरकी निघते, रुई उरते, आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. ग्रेडर बसतो फाटकाशी. गाडीच्या पोटातून मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते पाहायचं. मग एक सरकी दाढेखाली धरायची. कट् वाजली तर कापूस कोरडा, नुसतीच चेपली तर ओला. आणि दर्जा सांगून टाकायचा. काम एवढंच. पण एवढ्याशा कामावर समोरच्याचं वर्ष तोललं जात असल्यामुळे समोरचा बोलतो. दव पडलं जी, नाल्याचं पाणी शिरलं जी, कालच्या गाडीत हाच कापूस पहिल्या दर्जात गेला जी. या सगळ्याला ग्रेडरचं एकच उत्तर असतं: "समजलं, समजलं."

आमच्या धंद्यात या शब्दाचा समजण्याशी काही संबंध नव्हता. कास्तकाराला 'समजलं' म्हणजे गाडी पुढं घ्या. पाहुण्याला 'समजलं' म्हणजे तुमचं बोलणं ऐकायला गोड लागतं. शेठजींना 'समजलं' म्हणजे मी इथंच आहे, झोपलेलो नाही. मी दिवसातून दोनशे वेळा समजत असे आणि संध्याकाळी होतो तसाच्या तसा घरी जात असे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव बसलेला, खरेदी केंद्रापुढं गाड्यांच्या रांगा, आणि आमच्या रस्त्यावरच्या पाच जिनिंगपैकी तिघींच्या फाटकाला कुलूप. चौथं कुलूप आमचं असणार हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. अशात शेठजींनी कुठूनसा एक जपानी गाठला. तिकडच्या एका सूतगिरणीला स्वच्छ रुई पाहिजे होती. पन्नास गाठींचा नमुना पाठवायचा, तो पास झाला तर पुढच्या हंगामापासून दरसाल माल जाणार. नापास झाला तर कुलूप.

कुलूप काही माझ्या एकट्याच्या पोटावर येणार नव्हतं. कापूस निवडायला चाळीस बाया होत्या. ओट्यावर मांडी घालून बसायचं, कापसातला पालापाचोळा, केस, पीस, विडीचं थोटूक, किडकी बोंडं वेचून काढायची. त्यांची पुढारी कौसल्याबाई. मुकुटबनकडची, उंच, हडकुळी, आणि जिभेला धार अशी की शेठजीसुद्धा तिच्याशी बोलताना चष्मा काढून हातात घेत.

जपानी साहेबांचं नाव ओगावा. पन्नाशीचे, पांढरी टोपी, कमरेला एक लहानशी पिशवी. बायांनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'गाववाले' करून टाकलं. त्यात त्यांच्याकडं होकाराला 'हाय' म्हणतात.

"गाववाले, बरं हाय?"

"हाय."

"जेवन झालेलं हाय?"

"हाय."

"अवं, हा तं आपलाच मानूस हाय," कौसल्याबाई म्हणाली, "काहून यवढ्या लांब राह्यते कोन जाने."

दुभाषी म्हणून नागपूरहून पाठक मॅडम आल्या होत्या. पण त्यांच्या भावाचं लग्न निघालं आणि तिसऱ्या दिवशी त्या परत निघाल्या. जाताना फोन नंबर दिला आणि मला म्हणाल्या, "बोढेबाबू, फार नाही, एकच क्रियापद शिकून ठेवा. रोजच्या बोलण्यात पावलोपावली लागतं." माझ्या वहीत त्यांनी तीन ओळी लिहून दिल्या. वाकारीमास, समजतं. वाकारीमाश्ता, समजलं. वाकारीमासेन, समजत नाही. प्रश्न विचारायचा असेल तर शेवटी 'का' लावायचा, अगदी आपल्यासारखा.

"तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "समजलं."

तिसरी ओळ मी पाठच केली नाही. वीस वर्षं मुरलेला ग्रेडर, चाळीस बायांसमोर 'समजत नाही' असं म्हणेल कशाला? दुसरी ओळ मात्र मी मिठासारखी वापरायला काढली. ओगावा साहेब दहा मिनिटं बोलत, मी मान तिरपी करून ऐकत असे, आणि ते थांबले की मोजून दोन श्वास सोडून म्हणे, "वाकारीमाश्ता." त्यांचा चेहरा फुलायचा. मग ते आणखी दहा मिनिटं बोलायचे.

त्यांचा माझ्यावर विश्वास बसायला एक कारण घडलं होतं. त्यांच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र होतं. ते कापसात खुपसलं की काचेवर आकडा येई. मी आपली सरकी दाढेखाली धरली आणि आठ बोटं वर केली. यंत्रातही आठच आलं, वर थोडी अपूर्णांकाची चिल्लर. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. त्या दिवसापासून ज्याच्या दाढा इतकं खरं बोलतात तो माणूस खोटं बोलणार नाही अशी त्यांची समजूत झाली असावी. दाढा खोटं बोलतच नव्हत्या.

पहिला घोळ कापडाचा. साहेबांनी पिशवीतून वीतभर पांढरं कापड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. त्यात एक बारीक निळी रेघ होती. रेघेवरून बोट फिरवत ते बराच वेळ गंभीरपणे बोलले. आता आपल्याकडं बाहेरचा माणूस दोन्ही हातांनी कापड पुढं करतो, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही सांगावा लागत नाही. मानाचं कापड. मी ते घेतलं, कपाळाला लावलं, म्हटलं, "वाकारीमाश्ता," आणि खिशात घातलं. साहेब क्षणभर थबकले. मग त्यांना वाटलं असावं की मी ते बायांना दाखवायला नेतोय. मी ते घरी नेलं.

"यात तं रुमालही निंगत नाही," बायको म्हणाली. "एवढ्या दुरून आला, शर्टाचं तरी आनाचं." पण परदेशातलं मानाचं कापड टाकवेना, म्हणून तिनं ते धुऊन देव्हाऱ्यात देवांखाली अंथरलं.

दुसरा घोळ चहाचा. साहेबांनी कपाकडं बोट केलं, पोटावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि काहीतरी म्हणाले. मी समजलो की चहानं पोटाला बरं वाटतंय. "वाकारीमाश्ता," म्हटलं, आणि दिवसाला दोनाचे पाच कप केले, वर साय घालून. यजमानानं दिलेलं परत करायचं नाही हा त्यांचा बाणा. ते प्रत्येक कप संपवत गेले आणि मग दोन दिवस रेस्ट हाऊसवर आडवे झाले. मी भेटायला गेलो तो थर्मासमध्ये चहा घेऊन.

आता ताडपत्र्या. वणीचा रस्ता म्हणजे कोळशाचे ट्रक. दिवसभर धूळ उडते आणि ती काळी असते. निवडलेल्या कापसाचा ढीग अंगणात, आणि ट्रक गेला की ढिगावर मिरपूड टाकल्यासारखं दिसे. ढिगाच्या एका कोपऱ्यावर एक जुनी निळी प्लास्टिकची ताडपत्री टाकलेली होती. साहेबांनी तिचं टोक उचललं, उन्हात धरलं, चुरगाळलं, थोपटलं, रस्त्याकडं हात केला, ढिगाकडं केला, आणि एवढे पोटतिडकीनं बोलले की त्यांच्या कपाळावर घाम आला. मला चित्र स्पष्ट दिसत होतं. धुळीवर हा उत्तम उपाय आहे, पण एक काय पुरणार, सगळा ढीग झाका.

"वाकारीमाश्ता," मी म्हटलं. या वेळी तर मनापासून.

दुसऱ्या दिवशी ते पाच दिवसांसाठी आदिलाबादकडच्या जिनिंग पाहायला गेले. मी शेठजींना सांगून बाजारातून बावीस निळ्या ताडपत्र्या आणल्या आणि उभं राहून सगळा ढीग झाकून घेतला. एक निळा डोंगर तयार झाला. कौसल्याबाई ताडपत्रीवर हात फिरवून म्हणाली, "बाबू, याचे तुकडे झडून राह्यले बरं. पाहा, हातालेच लागते." मी म्हटलं, "समजलं, समजलं." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओट्यावर जाऊन बसली.

पाचव्या दिवशी दुपारी ओगावा साहेबांची जीप फाटकातून आत आली आणि मधेच थांबली. ते उतरले. निळ्या डोंगराकडं पाहत नुसते उभे राहिले. जवळ येऊन त्यांनी एक ताडपत्री उचलली. पाच दिवसांच्या उन्हावाऱ्यानं तिचे काठ विसविशीत झाले होते, आणि खालच्या कापसावर निळे तंतू पसरले होते, केसासारखे बारीक. त्यांनी त्यातला एक चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवला. मग हवेत वीतभर चौकोन काढला आणि त्यातून एक रेघ ओढली.

कापड. सायकल मारत घरी गेलो, देव उचलले, खालचं कापड ओढलं, देव तसेच पाटावर ठेवले, आणि हळदीकुंकवाच्या डागांसकट ते घेऊन आलो. साहेबांनी निळा तंतू कापडातल्या निळ्या रेघेशेजारी ठेवला. दोन्ही एकच. मग मात्र दुभाष्याची गरज उरली नाही. प्लास्टिकचा धागा कापसात मिसळला की तो रुईत जातो, सुतात जातो, कापडात जातो, त्याला रंग चढत नाही, आणि तयार ठाणाच्या मधोमध अशी रेघ उमटते. ते मला मान देत नव्हते. नापास झालेला माल दाखवत होते, अगदी सुरुवातीलाच, दोन्ही हातांनी.

शेठजींनी केबिनमधून पाठक मॅडमना फोन लावला. रिसीव्हर साहेबांच्या हातून माझ्या कानाशी आला. मॅडम म्हणाल्या, "ते विचारतायत, हे झाकायला कोणी सांगितलं?"

शेठजींनी फोनवर हात ठेवला. "बोढेजी, बोल दो बायांनी केलं. बायांवर तो काय रागावणार? तुमची-माझी अब्रू तरी राहील."

खोटं कशाला सांगू, मी तोंड उघडलं होतं. केबिनच्या दारात कौसल्याबाई उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल, कमरेवर हात. दहा दिवस चाळीस बायांनी मान मोडून निवडलेला कापूस माझ्या हुशारीखाली निळा झाला होता, आणि आता त्याचं खापरही त्यांच्याच डोक्यावर. ती काही बोलली असती तर मी कदाचित भांडून वेळ मारून नेली असती. आणि दुसरी अडचण अशी, की जपानीत खोटं बोलण्याइतकी क्रियापदं माझ्याकडे नव्हती. एकच होतं, आणि त्याचीही एक ओळ कोरी होती.

मी वही काढली. चष्मा लावला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून अक्षर लावत वाचलं, "वा-का-री-मा-सेन."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. एकदा सुरू केलं म्हटल्यावर मी थांबलो नाही. ताडपत्रीकडं बोट केलं, "वाकारीमासेन." कापड वर धरलं, "वाकारीमासेन." टेबलावरच्या चहाच्या कपाकडं बोट केलं, "वाकारीमासेन." चहाच्या वेळी साहेबांचा हात आपोआप पोटावर गेला. मग मी मॅडम गेल्यापासूनचे सगळे दिवस बोटांवर मोजले आणि दोन्ही पंजे त्यांच्यापुढं हलवले. सगळंच वाकारीमासेन.

शेठजींनी चष्मा काढून हातात घेतला होता. साहेबांनी रिसीव्हर घेतला, बराच वेळ हळू आवाजात बोलले आणि माझ्याकडं दिला.

"ते म्हणतायत," मॅडमचा आवाज आला, "चूक त्यांचीही आहे. त्यांनी तुम्हाला दर वेळी विचारलं, समजलं का. काय समजलं, ते एकदाही विचारलं नाही."

मग ढिगाचा वरचा हातभर थर काढून बाजूला टाकला आणि उरलेला कापूस पहिल्यापासून निवडायला घेतला. साहेबांनी परतीचं तिकीट पुढं ढकललं. मीही ओट्यावर बसलो. बसलो म्हणजे कौसल्याबाईनं बसवलं. "या जी बाबू, मांडी घाला. तुमच्या समजन्यानं आमची कंबर गेली, तुमची जराशी तं जाऊ द्या."

आठ दिवस निळे तंतू वेचले. त्या दिवसांत नवी पद्धत सुरू झाली. साहेबांनी काही दाखवलं की मी ते हातवारे करून उलट त्यांना करून दाखवायचं. चुकलं तर ते मान हलवत, मी वाकारीमासेन म्हणे, ते पुन्हा दाखवत. बायांना हा खेळ फार आवडला. पाणी मागितलं तरी कौसल्याबाई विचारायची, "काय मांगतलं मी? सांगा बरं उलटून." पण पांढरे सुती रुमाल कोणी कसे बांधायचे, पोत्याची प्लास्टिकची सुतळी कुठं कापायची, पीस दिसलं तर कुठल्या डब्यात टाकायचं, हे एकदाही चुकलं नाही. ताडपत्रीच्या जागी मांजरपाटाच्या चादरी शिवून आल्या.

नंतर फाटकाशी बसलो तेव्हा ही सवय माझ्यासोबत आली. एक म्हातारा कास्तकार नाल्याच्या पाण्याची गोष्ट सांगत होता. मी म्हटलं, "नाही समजलं, काका. पुन्हा सांगा." तो इतका घाबरला की सांगायचं तेच विसरला. मग त्याच्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालून पाहिलं, तर ओला कापूस फक्त एका कोपऱ्यात होता. बाकी गाडी पहिल्या दर्जाची. रांग लांबली म्हणून शेठजी चिडले. पण त्याआधीच्या वीस वर्षांत 'समजलं' म्हणून पुढं हाकललेल्या किती गाड्यांचा एकच कोपरा ओला होता, हे आता मला कोण सांगणार? त्या गाड्या परत बोलावता येत नाहीत.

पन्नास गाठी बांधून झाल्या. साहेबांच्या निरोपाला पाठक मॅडम नागपूरहून आल्या. हार-नारळ झालं. कौसल्याबाई पुढं आली आणि एका दमात म्हणाली, "गाववाले, माल पास झाला तं शेठजी सस्त्यातल्या दुसऱ्या बाया आनतीन, आमाले मालूम हाय. तुमी तिकडून सांगजा, का ह्याच बायाइनं निवडला होता, ह्याच पायजे. आमी शिकलो तं आमालेच काम द्या." एवढं बोलून तिनं पदर सावरला.

साहेब हसले, वाकले, आणि आमच्याकडून शिकलेल्या मोजक्या मराठी शब्दांतला एक म्हणाले, "समजलं."

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "शुभेच्छा देतायत ना त्या? मी तसं सांगते." वऱ्हाडी त्या वेगात त्यांनाही लागली नव्हती. शेठजी घाईघाईनं म्हणाले, "हौ हौ, शुभेच्छाच आहेत."

मी साहेबांकडं पाहिलं आणि विचारलं, "वाकारीमास का?"

ते थांबले. कौसल्याबाईकडं पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडं. मग टोपी काढली आणि एकेक अक्षर जपून म्हणाले, "नाही समजलं."

कौसल्याबाईनं तेच पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून मला सांगितलं. मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी मला उलटून विचारलं, मी कौसल्याबाईला विचारलं, ती म्हणाली, "हौ, अस्संच." मग ते जपानीत गेलं, आणि साहेबांनी कमरेच्या पिशवीतून वही काढून लिहून घेतलं. शेठजी तेवढा वेळ छताकडं पाहत होते.

दिवाळीच्या तोंडावर जपानहून पत्र आलं. माल पास. पुढच्या हंगामाची मागणी सोबत, खाली तीन अटी. शेठजींनी केबिनमध्ये सगळ्यांना उभं करून मराठी तर्जुमा वाचला. पहिली, जिनिंगच्या आवारात निळी ताडपत्री दिसता कामा नये. दुसरी, निवडणीचं काम कौसल्याबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायांकडंच राहावं. तिसरी, ग्रेडरला दिलेली प्रत्येक सूचना त्यानं उलटून सांगावी, मगच ती दिली असं धरावं. दुसरी अट शेठजींनी अशी भरभर आणि पुटपुटत वाचली की ती पहिलीचंच शेपूट वाटावी.

आणखी बारा हंगाम आमच्या फाटकाला कुलूप लागलं नाही. पण तो हिशेब नंतरचा. त्या दिवशी शेठजींनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "समजलं ना, बोढेजी?"

दाराबाहेर कौसल्याबाई आणि तिच्या मागं बाया उभ्या होत्या.

"नाही समजलं, शेठजी," मी म्हटलं. "ती दुसरी अट पुन्हा वाचा. जरा मोठ्यानं."